लसीतला परजीवी आणि रुग्णाच्या रक्तातला परजीवी: सीएसपी जनुकावरून जुळणी कशी तपासायची

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर२१ ही मलेरियाची लस आफ्रिकेतल्या लहान मुलांना दिली जाते. तिच्यातलं प्रथिन मात्र ज्या परजीवीवरून घेतलंय, तो सापडला होता आम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तात. हा माणूस कधी नेदरलँड्सबाहेर गेला नव्हता. विमानातून आलेल्या एखाद्या डासानेच त्याला आजार दिला असं मानतात, आणि जीनोम बघता तो परजीवी मूळचा आफ्रिकेतला असावा. त्या परजीवीला एनएफ५४ म्हणतात. त्यातली एकच पेशी वेगळी काढून वाढवलेली शाखा म्हणजे ३डी७. २००२ मध्ये फॅल्सीपेरम या मलेरियाच्या घातक परजीवीचा पहिला संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला तो ३डी७ चा. आरटीएस,एस आणि आर२१ या जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या दोन्ही लसी याच घराण्यातल्या.

आता बुर्किना फासोतल्या, केनियातल्या किंवा गडचिरोलीतल्या रुग्णाच्या रक्तातला परजीवी या ३डी७ शी कितपत जुळतो? आणि जुळत नसेल तर लसीचं नेमकं काय बिघडतं? हे स्वतः तपासता यावं म्हणून हा लेख. मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक किंवा कम्युनिटी मेडिसिन शिकणारे डोळ्यांसमोर आहेत. पीसीआरची सोय असलेली प्रयोगशाळा हाताशी असेल तर उत्तमच. नसली तरी खुल्या माहितीवर अर्ध्याहून जास्त काम होतं, ते पुढे येईल.

पायरी १: प्रश्न नेमका करा

"परजीवीत जनुकीय विविधता आहे का?" हा प्रश्न घेऊन कामाला लागू नका. आहे, आणि रग्गड आहे. फॅल्सीपेरमचा जीनोम सुमारे २.३ कोटी बेसचा, १४ गुणसूत्रांचा, ५,३०० च्या आसपास जनुकांचा. त्यात लाखो जागी फरक सापडलेत. त्यातल्या बहुतेकांशी लसीचा काडीचा संबंध नाही. क्लोरोक्विनला दाद न देणारा परजीवी आणि लसीला न जुमानणारा परजीवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते.

कामाचा प्रश्न असा: लसीतल्या प्रथिनाच्या ज्या जागा आपल्या प्रतिकारशक्तीला ओळखू येतात, नेमक्या त्याच जागी स्थानिक परजीवी लसीपेक्षा वेगळे आहेत का, आणि शंभरातले किती? विविधता किती यापेक्षा ती कुठे आहे, यावर सगळं ठरतं.

एका टोकाला व्हार जनुकं. एकेका परजीवीत साठच्या आसपास, आणि आलटून पालटून वापरली जाणारी. त्यांचं प्रथिन तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि प्रतिपिंडं तयार होईतो परजीवी दुसरं काढतो. त्यावर सरसकट लस करायच्या भानगडीत कोणी पडत नाही. अपवाद गर्भवतींच्या वारेत चिकटणाऱ्या व्हार२सीएसएचा. दुसऱ्या टोकाला आरएच५. तांबड्या पेशीवरच्या बेसिजिनला धरून आत शिरण्यासाठी परजीवीला ते लागतंच. हे २०११ मध्ये कळलं. या प्रथिनात सर्रास आढळणारे बदल मोजकेच. या दोन टोकांच्या मधे सीएसपी आणि एएमए१ ही परजीवीची प्रथिनं बसतात. आपण सीएसपी घेऊ, कारण आज प्रत्यक्ष टोचल्या जाणाऱ्या दोन्ही लसी त्यावरच उभ्या आहेत.

पायरी २: विविधता कुठे तयार होते ते डोक्यात बसवा

माणसाच्या शरीरात परजीवी गुणसूत्रांचा एकच संच बाळगतो आणि नुसता दुभंगत राहतो. नर-मादी पेशींचं मीलन होतं डासाच्या पोटात, आणि जनुकांची अदलाबदल होते तीही तिथेच. डासाने ज्याचं रक्त प्यायलं त्या माणसात एकाच प्रकारचा परजीवी असेल तर मीलन होऊनही नवं काही निपजत नाही. दोन-चार प्रकार असतील तर नवी मिश्रणं तयार होतात.

म्हणूनच माली किंवा बुर्किना फासोसारख्या भागात, जिथे एका मुलाच्या रक्तात एकाच वेळी अनेक प्रकार नांदतात, तिथे विविधता अफाट. आग्नेय आशियात किंवा दक्षिण अमेरिकेत प्रसार कमी, म्हणून एकेक प्रकार बराच काळ जसाच्या तसा टिकतो. याचा अर्थ सरळ आहे. एका देशात काढलेली जुळणीची टक्केवारी दुसऱ्या देशाला लावू नका, आणि पावसाळ्याच्या शेवटी घेतलेले नमुने उन्हाळ्यातल्या नमुन्यांत मिसळू नका.

पायरी ३: लसीत प्रथिनाचा कुठला तुकडा आहे ते बघा

हे काम दहा मिनिटांचं, पण बरेच जण ते टाळतात आणि मग अख्ख्या जनुकाची विविधता मोजत बसतात.

सीएसपी हे स्पोरोझोइटच्या, म्हणजे डासातून माणसात येणाऱ्या परजीवीच्या रूपाच्या, अंगावरचं प्रथिन. डासाने टोचलेले स्पोरोझोइट यकृतात पोचायच्या आत त्यांना गाठायचं, ही लसीची कल्पना. ३डी७ मध्ये हे प्रथिन ३९७ अमिनो आम्लांचं आहे. मधोमध अ‍ॅस्परजिन, अ‍ॅलॅनिन, अ‍ॅस्परजिन, प्रोलिन या चौकडीची, म्हणजे एनएएनपीची, माळ. परजीवीगणिक या माळेची लांबी बदलते, पण चौकडी तीच राहते. शेवटचा भाग टी पेशींना ओळखू येणारा. लसीत २०७ ते ३९५ हा तुकडा आहे: माळेचा काही भाग आणि जवळजवळ सगळं शेपूट, हिपॅटायटिस बीच्या पृष्ठभाग-प्रथिनाला जोडलेलं.

बदल शेपटात गर्दी करतात. दोन पट्टे लक्षात ठेवा. टीएच२आर, साधारण ३११ ते ३२७. आणि टीएच३आर, साधारण ३५२ ते ३६३. त्यातही ३१७, ३१८, ३२१, ३२२, ३२४ आणि ३५२, ३५७, ३६१ या जागा सतत बदललेल्या दिसतात. उदाहरणार्थ ३६१ वर ३डी७ मध्ये अ‍ॅलॅनिन आहे, पण कितीतरी नमुन्यांत तिथे ग्लुटामिक आम्ल सापडतं. अ‍ॅलॅनिनचा कोडॉन (एका अमिनो आम्लासाठीची तीन डीएनए अक्षरं) जीसीए, ग्लुटामिकचा जीएए: मधलं एक अक्षर बदललं की झालं. ३५७ वर ग्लुटामिकच्या जागी ग्लुटामिन येतं, तेही एकाच अक्षराने.

प्लाझ्मोडीबी या मलेरिया परजीवींच्या जीनोमच्या खुल्या संकेतस्थळावर जाऊन पीएफ३डी७_०३०४६०० हा क्रमांक टाका आणि कोडिंग क्रम उतरवून घ्या. या जनुकात इंट्रॉन (मध्येच येणारा, प्रथिनात न उतरणारा तुकडा) नाही, त्यामुळे हिशोब सोपा: अमिनो आम्लाच्या क्रमांकाला तीनने गुणा, म्हणजे कोडॉनचं शेवटचं अक्षर मिळतं. ३६१ चा कोडॉन १०८१ ते १०८३. फक्त एक सांभाळा. हे क्रमांक ३डी७ चे आहेत. तुमच्या नमुन्यात एनएएनपीची माळ दोन चौकड्यांनी लांब असली की पुढच्या सगळ्या जागा चोवीस अक्षरांनी सरकतात. म्हणून क्रमांक नेहमी ३डी७ शी जुळवून मांडलेल्या क्रमावरूनच वाचायचे.

पायरी ४: किती नमुने, कोणाचे, कसे

संख्येसाठी दोन आकडे पुरेसे आहेत. लोकसंख्येत ५% असलेला प्रकार निदान एकदा तरी सापडेल याची ९५% खात्री हवी असेल, तर ५९ स्वतंत्र नमुने लागतात. १% असलेल्या प्रकारासाठी २९९. वीस नमुने घेऊन "आमच्या भागात ३डी७ प्रकार नाहीच" असं लिहू नका. त्या वीसमध्ये न सापडलेला प्रकार प्रत्यक्षात दहात एक असू शकतो.

एकाच घरातले तिघे, एकाच आठवड्यात आजारी पडलेले, हे तीन स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांना एकाच डासाने टोचलेलं असू शकतं.

रक्त शक्यतो बोटातूनच घ्या, औषधाचा पहिला डोस देण्याआधी. जाड फिल्टर पेपरवर दोन-तीन ठिपके, एकमेकांना न भिडणारे. कागद हवेशीर जागी पूर्ण वाळू द्या. यात घाई केली की दमट हवेत बुरशी धरते, आणि श्रावण-भाद्रपदात गडचिरोलीसारख्या भागात हवा दमटच असते. वाळलेला कागद सिलिका जेलच्या पुडीसह एकेका झिपच्या पिशवीत. दोन रुग्णांचे कागद एका पिशवीत कधीही नाही. जेलचा रंग बदलला की पुडी बदला. शिरेतून रक्त घेणार असाल तर ईडीटीएची नळी वापरा; हेपरिन पीसीआरला आडवं येतं. फिल्टर पेपर घ्यायचा राहिलाच, तर वापरून झालेल्या आरडीटी (मलेरियाच्या झटपट तपासणीच्या) पट्टीतूनही डीएनए निघतो. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्ट्या फेकून द्यायच्या आत सांगून ठेवा.

आरडीटीबद्दल आणखी एक गोष्ट. फॅल्सीपेरम ओळखणाऱ्या बहुतेक पट्ट्या एचआरपी२ हे प्रथिन शोधतात. हे जनुकच गळून पडलेले परजीवी २०१० मध्ये पेरूत नोंदवले गेले आणि पुढे इरिट्रियात मोठ्या प्रमाणावर सापडले. म्हणजे फक्त आरडीटी पॉझिटिव्ह रुग्ण घेतलेत तर एक गट चाळणीतून आधीच निसटतो. शक्य तिथे स्लाइडही वाचून घ्या.

परवानगीचं सांगायलाच हवं: संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना पूर्वकल्पना, आणि संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत समजावलेलं. भामरागड-एटापल्लीकडे ती भाषा माडिया असते, मराठी नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती.

पायरी ५: डीएनए, पीसीआर आणि एक हमखास सापळा

ठिपक्यातून डीएनए काढायला चेलेक्सची पद्धत स्वस्त आहे, कॉलम किटने जरा स्वच्छ मिळतो. दोन्ही चालतात. त्यानंतर १८एस जनुकावर प्रजात पक्की करा. आपल्याकडे पीएफ (फॅल्सीपेरम) आणि पीव्ही (व्हायव्हॅक्स) एकाच रुग्णात असणं नवलाचं नाही, आणि हे सगळं काम पीएफचं आहे. मुंबईत, गोव्यात मलेरियाचे बहुतांश रुग्ण पीव्हीचे. त्यांच्यावर आर२१ चा उपयोगच नाही, मग जुळणी बघण्यातही अर्थ नाही.

शक्य असेल तर क्वांटिटेटिव्ह पीसीआरने परजीवींची घनता मोजा. घनता फार कमी असलेल्या नमुन्यात एखाद-दुसऱ्या डीएनए रेणूवरून सगळी वाढ होते. एखादा प्रकार गळतो, पीसीआरची एखादी चूक खऱ्या बदलासारखी उठून दिसते. असे नमुने वेगळे ठेवा आणि निष्कर्ष त्यांच्यासह आणि त्यांच्याविना, दोन्ही तऱ्हेने काढून बघा.

शेपटाचा सुमारे ३०० बेसचा तुकडा वाढवायचा. इथे तो सापळा: बहुतेक प्रयोगशाळांत पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ३डी७ चाच डीएनए वापरतात. तो सहज मिळतो, संदर्भ जीनोम त्याचाच, म्हणून. पण तुमचा प्रश्नच मुळी "नमुना ३डी७ शी जुळतो का" हा आहे. कंट्रोलचा एक थेंब चुकून नमुन्यात उडाला की जुळणी आपोआप वाढते, आणि ही चूक पुढे कुठल्याच टप्प्यावर पकडता येत नाही. या कामासाठी कंट्रोल म्हणून डीडी२ किंवा ७जी८ या परजीवींचा डीएनए घ्या. पहिला आग्नेय आशियातला, दुसरा ब्राझीलचा. दोघांचं सीएसपी शेपूट आधी स्वतः वाचून ठेवा, म्हणजे सांडलवंड झाली तर लगेच कळेल. ३डी७ ची कुपी त्या खोलीत आणूच नका. पीसीआरचं मिश्रण एका खोलीत आणि वाढवलेलं उत्पादन दुसऱ्या खोलीत, हा नियम तुम्हाला माहीत असेलच. या कामात तो सक्तीने पाळा.

पायरी ६: क्रम वाचणं

सॅंगर सीक्वेन्सिंग स्वस्त आहे, गावातल्या गावात करून मिळतं, आणि एका रुग्णात एकच प्रकार असेल तर पुरेसं आहे. दोन प्रकार असले की वाचनाच्या आलेखात एकाच जागी दोन शिखरं दिसतात, एकाच वेळी दोन रेडिओ स्टेशनं लागल्यासारखी. अशी दुहेरी शिखरं एकाच जागी असतील तर अजून निभावतं. तीन जागी आली की कुठलं अक्षर कुठल्या प्रकाराचं हे सांगता येत नाही. मोठं शिखर धरून पुढे जायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातून कधी कधी असा हॅप्लोटाइप (एकाच परजीवीतला अक्षरांचा सलग संच) कागदावर येतो जो निसर्गात अस्तित्वातच नाही: अर्धा एकाचा, अर्धा दुसऱ्याचा.

मिश्र संसर्ग बरेच अपेक्षित असतील तर अ‍ॅम्प्लिकॉन डीप सीक्वेन्सिंगकडे जा. मायसेकसारख्या यंत्रावर एकेका रुग्णाच्या तुकड्याच्या हजारो प्रती स्वतंत्रपणे वाचल्या जातात, त्यामुळे प्रत्येक प्रकार अखंड मिळतो. छाननीसाठी डाडा२ किंवा सीकडीप ही मोफत साधनं आहेत. नियम आधीच कागदावर लिहून ठेवा. मी सुचवेन असा: प्रत्येक नमुना दोनदा स्वतंत्रपणे वाढवायचा, आणि दोन्ही वेळा दिसलेला व किमान १% वाचनं मिळालेला हॅप्लोटाइपच खरा धरायचा. सोबत डीडी२ आणि ७जी८ यांचं ठरावीक प्रमाणातलं मिश्रण, ९ ला १ आणि ९९ ला १, हेही चालवा. तुमची पद्धत १% वरचा प्रकार खरंच पकडते का, हे त्यावरून कळतं.

प्रयोगशाळा नसेल तर इथून सुरुवात करा. मॅलेरियाजेनचा पीएफ७ हा खुला संच घ्या: ३३ देशांतल्या २०,८६४ नमुन्यांचे जीनोम. त्यातून सीएसपीचं शेपूट काढा. एनएएनपीच्या माळेला हात लावू नका, छोट्या तुकड्यांच्या वाचनात पुनरावृत्ती नीट बसत नाही. प्रत्येक नमुन्यासाठी एफडब्ल्यूएस नावाचा आकडा दिलेला असतो, तो ०.९५ च्या वर असेल तर त्या रुग्णात व्यवहारात एकच प्रकार आहे असं धरतात. सुरुवातीला फक्त असेच नमुने घ्या, हॅप्लोटाइप स्वच्छ मिळतात. यात एक मेख आहे: मिश्र संसर्ग वगळल्याने जास्त प्रसाराच्या भागातले नमुने जास्त गळतात. तेव्हा देशादेशांची तुलना करताना किती गळले तेही लिहा.

पायरी ७: मोजणी

मॅफ्ट किंवा मेगा या संगणक प्रणालीत क्रम जुळवून मांडा, अमिनो आम्लांत रूपांतर करा, आणि मग प्रकार मोजा. डीएनएच्या पातळीवर वेगळे पण प्रथिनाच्या पातळीवर एकच, असे क्रम लसीच्या दृष्टीने एकच.

विविधतेचा नेहमीचा आकडा असा निघतो: प्रत्येक प्रकाराच्या प्रमाणाचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज १ मधून वजा करा, आणि उत्तराला नमुन्यांची संख्या भागिले त्याहून एक कमी, याने गुणा. समजा ५० हॅप्लोटाइप मिळाले आणि चार प्रकार २०, १५, १० आणि ५ वेळा दिसले. प्रमाणं ०.४, ०.३, ०.२, ०.१. वर्गांची बेरीज ०.३०. एकातून वजा केल्यावर ०.७०, आणि ५०/४९ ने गुणून ०.७१. म्हणजे कुठलेही दोन हॅप्लोटाइप उचलले तर ते वेगळे असण्याची शक्यता ७१%.

हा आकडा अहवालात शोभून दिसतो, पण लसीबद्दल तो काहीच सांगत नाही. चारही प्रकार ३डी७ हून वेगळे असतील तरी ०.७१, आणि सर्वांत मोठा प्रकार ३डी७ असेल तरी ०.७१. म्हणून वेगळी मोजणी करा: लसीच्या शेपटाशी तंतोतंत जुळणारे किती, एका जागी वेगळे किती, दोन जागी किती. मिश्र संसर्गात एक प्रकार जुळणारा आणि एक न जुळणारा असेल तर तो रुग्ण कुठल्या खात्यात टाकायचा, हे निकाल बघायच्या आधी ठरवा.

पायरी ८: अर्थ लावणं

सगळ्यात जास्त घसरण इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

न जुळणारे परजीवी ९०% निघाले, म्हणजे लस ९०% निकामी, असा अर्थ होत नाही. लसीचा परिणाम फक्त चाचणीतून कळतो, जिथे लस मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट असतात. तिथे विचारायचा प्रश्न असा: लस मिळालेल्या गटात जुळणारे परजीवी, न जुळणाऱ्यांच्या मानाने, जास्त गाळले गेले का? याला चाळणी विश्लेषण म्हणतात. नुसत्या गावपाहणीतून कळतं ते एवढंच, की जुळणारे किती.

आरटीएस,एसवर असं विश्लेषण झालंय. त्या लसीची मोठी चाचणी आफ्रिकेतल्या सात देशांत अकरा केंद्रांवर झाली, १५,४५९ बालकांवर. त्यातल्या ४,९८५ बालकांच्या नमुन्यांचे सीएसपी वाचून २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ५ ते १७ महिन्यांच्या गटात, पहिल्या वर्षात, पूर्ण जुळणाऱ्या परजीवींविरुद्ध लसीची परिणामकारकता ५०.३%, आणि न जुळणाऱ्यांविरुद्ध ३३.४%. जुळणारे संसर्ग दहा टक्क्यांहूनही कमी होते. ६ ते १२ आठवड्यांच्या बाळांत असा फरक दिसला नाही.

हे आकडे स्वतः थोडे कुस्करून बघा. १०% जुळणारे धरले तर ०.१ गुणिले ५०.३ अधिक ०.९ गुणिले ३३.४, म्हणजे सुमारे ३५. उद्या जादूने सगळे परजीवी ३डी७ सारखे झाले, तरी आकडा ५० च्या आसपासच अडकतो. म्हणजे न जुळण्याने नुकसान होतं हे खरं, पण लसीची निम्मी ताकद तशीही कुठे तरी दुसरीकडे जाते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा प्रतिपिंडं महिन्यागणिक उतरत जाण्याचा आहे. "लस चुकीच्या स्ट्रेनची आहे" अशी ओरड करणाऱ्यांनी हा साधा गुणाकार करून बघावा. २०२३ मध्ये शिफारस झालेल्या आर२१ ने, परजीवींचं घराणं तेच ठेवून, बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियातल्या ४,८०० मुलांवरच्या चाचणीत पहिल्या वर्षात हंगामी प्रसाराच्या भागात ७५% आणि वर्षभर प्रसार असलेल्या भागात ६८% परिणामकारकता दाखवली. दोन वेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही, हे मान्य. तरी दिशा कळते.

यात एक कोडंही आहे. संरक्षण मुख्यतः एनएएनपीच्या माळेवरच्या प्रतिपिंडांतून मिळतं असं बहुतेक जण मानतात, आणि ती चौकडी तर सगळीकडे तीच. मग शेपटातल्या जुळणीने फरक का पडावा? शेपटावरची प्रतिपिंडंही कामाची असतील, किंवा टी पेशींचा हातभार असेल.

आता उलट उदाहरण. मालीतल्या बांदियागारात एएमए१ या प्रथिनावर बेतलेल्या लसीची चाचणी झाली, निकाल २०११ मध्ये आला. इथेही लस ३डी७ चीच. १ ते ६ वर्षांची ४०० मुलं. एकूण परिणामकारकता १७.४%, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारी. पण ज्या परजीवींत एएमए१ च्या एका विशिष्ट वळणावरच्या आठ जागा लसीशी जुळत होत्या, त्यांच्याविरुद्ध ६४.३%. त्याच गावातल्या ५०६ संसर्गांत एएमए१ चे २१४ वेगवेगळे प्रकार आधीच मोजलेले होते. इथे मात्र विविधतेनेच लस पाडली असं बेधडक म्हणता येतं.

दोन्ही ठिकाणी परजीवींत भरपूर विविधता, तरी निकाल इतका वेगळा. एएमए१ मध्ये प्रतिपिंडं जिथे चिकटतात नेमकं तिथेच बदल आहेत. सीएसपीत मुख्य लक्ष्य असलेली माळ शाबूत आहे.

अशी चाळणी उलटी बसण्याचाही धोका असतो. पापुआ न्यू गिनीत कॉम्बिनेशन बी नावाच्या लसीत एमएसपी२ या प्रथिनाचा ३डी७ प्रकार होता. २००२ च्या निकालात त्या प्रकारचे संसर्ग घटले, पण एफसी२७ या दुसऱ्या घराण्याच्या परजीवींमुळे होणारं आजारपण लस घेतलेल्यांत वाढलेलं दिसलं. म्हणून लसीकरण सुरू झाल्यावर दर दोन-तीन वर्षांनी हीच मोजणी पुन्हा करायला हवी, आणि त्यासाठी लस येण्याआधीचे नमुने हाताशी असायला हवेत. आफ्रिकेत २०१९ पासून घाना, केनिया आणि मलावीत आरटीएस,एस प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, २०२४ पासून दोन्ही लसी नियमित लसीकरणात येऊ लागल्या. भारताच्या नियमित लसीकरणात मलेरियाची लस नाही, म्हणजे आपल्याकडे "आधीचे" नमुने गोळा करायला अजून वेळ आहे.

पायरी ९: दुसऱ्या लसींना हीच फूटपट्टी लावताना

लक्ष्य बदललं की पायरी ३ पुन्हा करा, बाकी सगळं तेच. आरएच५ च्या लसीने बुर्किना फासोत, तिसरा डोस लांबवलेल्या गटात, सहा महिन्यांत ५५% परिणाम दाखवलाय. तिथे बदल कमी असल्याने नमुने जास्त घ्यावे लागतील, नाही तर हाती काहीच लागणार नाही. अख्खा स्पोरोझोइट वापरणाऱ्या लसीत एकच जनुक बघून भागत नाही. तिथे ७जी८ सारख्या दूरच्या परजीवीने मुद्दाम संसर्ग देऊन संरक्षण टिकतं का ते बघतात. आयसीएमआरच्या अ‍ॅडफाल्सीव्हॅक्समध्ये सीएसपीबरोबर डासातला प्रसार रोखणारी लक्ष्यंही जोडलेली आहेत, तेव्हा प्रत्येक तुकड्याची जुळणी वेगळी मोजावी लागेल. सगळ्यांची मिळून एक टक्केवारी काढू नका.

पायरी १०: लिहिणं आणि जपून ठेवणं

निष्कर्षाच्या वाक्यात चार गोष्टी हव्यात: कुठला तुकडा, कुठल्या जागा, किती स्वतंत्र संसर्ग, कुठला हंगाम. "३११ ते ३६३ या पट्ट्यात, पावसाळ्यानंतरच्या इतक्या संसर्गांपैकी इतके लसीच्या क्रमाशी तंतोतंत जुळले" इतकं पुरे. परिणामकारकतेबद्दल एक शब्द लिहू नका, चाचणी केलेली नसेल तर.

क्रम जेनबँक या खुल्या डीएनए संग्रहात टाका. महिना, वर्ष, पीसीआरचे प्रायमर आणि किमान वाचनांची मर्यादा सोबत द्या. ठिकाण तालुक्यापर्यंतच लिहा. दहा उंबऱ्यांच्या पाड्याचं नाव आणि महिना दिला की रुग्ण कोण ते तिथल्या कोणालाही कळतं. प्रत्येक कागदावरचा एक ठिपका न कापता सिलिका जेलसह उणे २० अंशांवर ठेवून द्या, पिशवीवर पेन्सिलीने क्रमांक घालून. शाईचा क्रमांक ओल लागली की पसरतो.